दशीपाशी पिवळं

माझ्या अंगावरचे बहुतेक कपडे माझ्याआधी दुसऱ्या कोणीतरी घातलेले आहेत. आता हे मी सरळ लिहू शकतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मात्र शर्टाबद्दल कोणी काही विचारलं की मी विषय बदलायचो.

सुरुवात गरजेतून झाली, ते लपवण्यात अर्थ नाही. उमरेडहून नागपूरला शिकायला आलो तेव्हा माझ्याकडे धड असे दोनच शर्ट होते. रविवारी सकाळी महाल भागाच्या बाजूला जुन्या कपड्यांचा बाजार भरतो. स्टीलच्या भांड्यांच्या बदल्यात घरोघरचे जुने कपडे घेणाऱ्या बायांना आमच्याकडे भांडेवाल्या म्हणतात. त्यांनी आठवडाभर गोळा केलेलं सगळं तिथे फुटपाथवर ढिगानं पडलेलं असतं. त्या ढिगातून मी पहिला शर्ट घेतला. टेरिकॉटचा, फिक्या बदामी रंगाचा, लांब टोकांच्या कॉलरचा. तशी कॉलर मी फक्त घरातल्या एका जुन्या लग्नाच्या फोटोत पाहिली होती.

खोलीवर येऊन धुवायला काढला तर खिशातून एसटीचं तिकीट निघालं. आकडे पुसट झाले होते, पण काटोल एवढं वाचता येत होतं. कोणीतरी हा शर्ट घालून काटोलला गेलं होतं, किंवा काटोलहून आलं होतं, आणि तिकीट वरच्या खिशात ठेवून विसरलं होतं. मी ते वाळवून वहीत ठेवलं. त्या माणसाबद्दल मला बाकी काहीच माहीत नव्हतं, तरी त्या दुपारी खोलीत कोणी पाहुणा येऊन बसल्यासारखं वाटलं. तोवर माझ्या खोलीत कोणीच आलं नव्हतं.

खोली एका पिठाच्या चक्कीच्या वर आहे. चक्की सुरू असली की पलंग बारीक थरथरतो आणि खिडकीच्या गजांवर पिठाची साय धरते. सकाळी कॉलेज, दुपारपासून धरमपेठेत एका टेलरमास्तरांच्या दुकानात काम, संध्याकाळी परत. कॉलेजात मी तिसऱ्या बाकावर भिंतीकडे बसतो. मुलं वाईट नाहीत. पण त्यांच्या बोलण्यात जे येतं, कोचिंग, गाड्या, कोणाचे वडील कुठे साहेब आहेत, त्यात मला कुठून शिरायचं ते कळत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही, त्यामुळे विचारायलाही कोणी नाही. मग मी गप्प राहतो, आणि गप्प राहणाऱ्याला हळूहळू कोणी हाकही मारत नाही.

जुने कपडे जमत गेले तसं माझं एक वेगळंच जग झालं. डबल खिशांचा सफारी, कोपरावर विरलेला खादीचा सदरा, बेलबॉटम पँट. मापात बसत नाही ते मी उसवून पुन्हा शिवायचो. उसवताना आतल्या खुणा सापडत. कॉलरच्या आतल्या बाजूला धोब्यानं न जाणाऱ्या शाईनं काढलेलं एखादं अक्षर, एखादी फुली, तीन ठिपके. घरोघरच्या कपड्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून प्रत्येक घराला धोब्यानं दिलेली ती खूण. ती मी कधीच कापली नाही. कॉलर उलटवून शिवायची असली तरी खूण आत शाबूत राहील असं बघायचो. एक वर्गमित्र भेटला की विचारतो, "आज कोणाच्या आजोबाचा आहे बे?" मी हसतो. मनातल्या मनात मात्र उत्तर देतो, तीन ठिपके असलेल्या घराचा.

आईला हे पटत नव्हतं. फोनवर ती म्हणायची, कोणाच्या अंगावरचं असेल, कोण मेलं असेल, गरम पाण्यातून काढल्याशिवाय घालू नको. बाबा काहीच बोलत नसत.

बाबांबद्दल लिहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यापाशीच येऊन थांबतं. आम्ही उमरेडचे कोष्टी. घरात माग होता. मी पाच-सहा वर्षांचा असताना तो मोडला. मला आठवतो तो मागाखालचा जमिनीतला खड्डा, त्यात खाली-वर होणारे बाबांचे पाय, आणि बोटांना राख लावून नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याला पीळ देत जोडणारी आई. नंतर तो खड्डा मुरूम टाकून बुजवला, वर फरशी बसवली. आता तिथे फ्रिज आहे. बाबा धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या फाटकावर गार्ड आहेत. रोज उमरेडहून बसनं येतात, बारा तास उभे राहतात आणि बसनं जातात. दिवसभर एकाच शहरात असून आमची भेट आठवड्यातून एकदा होते, तीही फाटकापाशी, येणाऱ्या गाड्यांच्या मधेमधे.

आमच्या घरात इतकी वर्षं साड्या विणल्या गेल्या, पण घरात एकही राहिली नाही. हे मला कॉलेजात आल्यावर कळलं. एका तासाला मॅडमनी घरातली जुनी वस्तू आणून तिच्याबद्दल बोलायला सांगितलं होतं. मी आईला फोन केला, आपल्या मागावरची एखादी साडी असेल तर पाठव म्हणून. ती म्हणाली, "ठेवायले कोन विणत होतं रे? विणली का गेली." आईचं लग्नाचं लुगडंही दुकानातलं होतं. त्या तासाला मी गेलो नाही. पण तेव्हापासून रविवारच्या बाजारात मी शर्टांच्या ढिगाबरोबर साड्यांच्या ढिगापाशीही बसू लागलो. नऊवार सुती साडी, करवतीच्या दातांसारखा काठ, उमरेडच्या बाजूची. जगात कुठेतरी आमच्या घरची एखादी अजून असेलच, असं मला वाटायचं. ती सापडावी, एवढीच माझी इच्छा होती. सापडली तर ती ओळखायची कशी, हा प्रश्न मात्र मला पडला नाही. बघताच कळेल, असं मी धरून चाललो होतो.

मागच्या हिवाळ्यात एक गडद हिरवी साडी मिळाली. तांबडा करवती काठ. इतकी धुतलेली की हातात घेतली तर रुमालासारखी गोळा होत होती. पदराकडे फाटली होती, त्यामुळे नेसण्याजोगी नव्हती, पण मधलं कापड घट्ट होतं. भांडेवालीनं विचारलं, आईसाठी का? मी हो म्हणालो. खरं म्हणजे तिथेच मी तिचा शर्ट मनात शिवून टाकला होता. काठ बटणपट्टीला आणि बाह्यांच्या टोकांना.

मास्तरांनी दुपारी गिऱ्हाईक नसताना मशीन वापरू दिली. साडी पाहून म्हणाले, "माल पुराना आहे, पण दमदार आहे." मग नेहमीप्रमाणे त्यांचा पहिला हुकूम आला: "आधी दशा काप बे. टोक सरळ कर, मग नाप टाक."

दशा म्हणजे कापडाच्या टोकाला सुटे राहणारे धागे. शिवणाऱ्याच्या दृष्टीनं तो कचराच. मी दोन्ही टोकं चार-चार बोटं आत घेऊन कापली. आतल्या टोकाला, दशांच्या अगदी लगत, काहीतरी पिवळं होतं. हळदीचा हात पुसला असेल कोणी, असं वाटलं. डाग आपोआप निघून गेला म्हणून मला बरंच वाटलं. दोन्ही पट्ट्या चिंध्यांच्या पोत्यात टाकल्या.

शर्ट चांगला झाला. हे मी माझं कौतुक म्हणून सांगत नाही, पण त्याआधी मी शिवलेलं काहीच इतकं सरळ बसलं नव्हतं. काठाचे दात दोन्ही बाह्यांवर एकाच रेषेत आले होते. कॉलेजात घालून गेलो तेव्हा पुढच्या बाकावरची एक मुलगी वळून म्हणाली की छान आहे, कुठून घेतला? मी म्हणालो, शिवला. ती हं म्हणाली आणि वळली. तेवढ्यावर मी दिवसभर खूश होतो.

त्या शनिवारी तोच शर्ट घालून बाबांना भेटायला गेलो. ते फाटकापाशी उभे होते, निळी वर्दी, डोक्यावर टोपी. मी कोपऱ्यावरच्या टपरीवरून दोन चहा आणले. त्यांना ड्युटीवर बसता येत नाही, म्हणून आम्ही भिंतीला टेकून उभेच पितो. नेहमीचं बोलणं झालं. आईचे गुडघे, माझी परीक्षा, घराचा नळ. मधे एक गाडी आली, त्यांनी फाटक उघडलं, सलाम केला, परत आले. परत येताना त्यांची नजर माझ्या बाहीवर गेली. चहा त्यांनी भिंतीवर ठेवला.

"हे कापड कुठचं आहे गा?"

मी सांगितलं. त्यांनी माझी बाही दोन बोटांत धरली आणि अंगठ्यानं काठ चाचपला, आंधळा माणूस चाचपतो तसा. मग शर्टाचं खालचं टोक उलटं करून आतली बाजू पाहिली. कित्येक वर्षांत त्यांनी मला इतक्या जवळून हात लावला नव्हता. मला वाटलं, आता ते सांगतील की ही आपल्याच घरची.

"टोक कुठी आहे याचं?" ते म्हणाले. "दशीचं."

"कापलं. शर्ट शिवायचा होता ना."

"दशीपाशी पिवळं होतं काय?"

मला काही समजेना. मग त्यांनी मला ते सांगितलं जे सांगायची आजवर कधी गरज पडली नव्हती. व्यापाऱ्याकडे पंधरा-वीस घरांच्या साड्या एकत्र जात. कोणती कोणाची, यावरून भांडणं नकोत म्हणून प्रत्येक विणकर साडी सुरू करताना दशीच्या लगत आपल्या रंगाचे दोन-चार आडवे धागे टाकायचा. नेसताना ते टोक आत खोचलं जायचं, त्यामुळे कोणाला दिसायचं नाही. आमच्या घरची खूण तीन पिवळे. आजोबांपासूनची. माग मोडण्याआधीच्या शेवटच्या साडीलाही बाबांनी तेच टाकलं होतं.

मी खोटं बोलू शकलो असतो. हो म्हणायला एवढंसं तोंड उघडावं लागलं असतं. बाबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, आणि त्या चेहऱ्याला हो हवं होतं.

"पिवळं होतं," मी म्हणालो. "पण धागा होता का डाग, ते मी पाहिलं नाही. मला हळद वाटली."

एक रिक्षा आली, पेशंटला उतरवायला त्यांना जावं लागलं. परत आल्यावर एवढंच म्हणाले की करवती काठ तेव्हा सगळेच विणायचे, हिरवं-तांबडंही सगळेच. मग थंड झालेला चहा एका घोटात संपवला.

कोष्ट्याच्या पोरानं दशी कचरा म्हणून कापावी! धोब्यांची फुली आणि ठिपके मी जिवापाड जपले होते. मास्तरांचा दोष नाही, शिंप्याचं काम तसंच असतं. पण मी शिंप्याच्या घरात जन्मलो नव्हतो.

तिथून मी थेट धरमपेठेत गेलो. चिंध्यांचं पोतं रिकामं होतं. मास्तर म्हणाले, काल गादीवाला घेऊन गेला, काहून, काय पाहिजे होतं? गादीवाल्याचं दुकान इतवारीच्या बाजूला आहे, ते माहीत होतं. तिथे पोचलो तर आत यंत्र सुरू होतं. एका तोंडातून चिंध्या जात होत्या आणि दुसऱ्या बाजूनं रंगीबेरंगी भुसकट उडत होतं, उशांमध्ये भरायला. सगळ्या रंगांचा मिळून एक मळकट करडा रंग झाला होता. मी दारात उभा राहून त्यात पिवळं शोधत होतो. नाकातोंडावर फडकं बांधलेल्या माणसानं यंत्र थांबवून विचारलं, "उशी पाहिजे काय?" मी नाही म्हणालो. त्यानं यंत्र पुन्हा सुरू केलं. मी अजून थोडा वेळ थांबलो, मग पायीच खोलीवर आलो.

पुढचा आठवडा मी तो शर्ट घातला नाही. खुंटीला लटकलेला होता. चक्की सुरू झाली की हलायचा. अभ्यासाला बसलो की त्याच्याकडे लक्ष जायचं आणि वाटायचं, हा आपल्याच घरचा असेल आणि आपण त्याची जीभ कापली. किंवा तो आपला कोणीच नसेल. दोन्ही विचार सारखेच वाईट होते. कोणाला तरी हे सांगावंसं वाटत होतं. पण सांगायचं तर आधी माग सांगावा लागला असता, खड्डा सांगावा लागला असता, बाबा गार्ड आहेत हे सांगावं लागलं असतं. तिसऱ्या बाकावरून इतकं लांबचं कोणाला सांगणार.

शनिवारी मला एक युक्ती सुचली. दुकानातून पिवळ्या सुताची लडी आणि एक रफूची सुई घेतली, शर्ट घडी करून पिशवीत टाकला आणि बाबांकडे गेलो. म्हणालो, शर्टाच्या आत, खालच्या पट्टीपाशी, तुम्ही तीन धागे घालून द्या. तुमच्या हातचे. मग तो आपला होईल.

त्यांनी सुई हातात घेतली, उजेडात धरून तिचं नेढं पाहिलं आणि परत दिली.

"दुसऱ्या कोणाची असली तर?"

"कोणाला कळणार आहे, बाबा?"

"मले कळते ना." त्यांनी फाटकाकडे पाहिलं, कोणी येत नव्हतं. "कोणीतरी कंबर मोडून विणली असन. त्याचं पुसून आपलं लिहायचं काय?"

मला फार शरम वाटली. त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट टोपी काढून त्यांनी घाम पुसला आणि म्हणाले की शर्ट चांगला शिवला आहेस, दात बरोबर जुळवले आहेत, घालत जा. मग दुसरीकडेच बघत त्यांनी विचारलं की तो बाजार कुठे भरतो.

दोन आठवड्यांनी एका रविवारी त्यांची ड्युटी दुपारची होती. सकाळच्या बसनं ते लवकर आले. वर्दीतच, कारण तिथूनच कामावर जायचं होतं. आम्ही साड्यांच्या ढिगाशी पोचलो तर त्यांची टोपी पाहून भांडेवालीनं भराभर गाठोडं आवळायला घेतलं. "साहेब, उठूनच राहिलो आम्ही," ती म्हणाली. बाबा इतके ओशाळले की दोन पावलं मागे सरले. मी मधे पडून सांगितलं की हे माझे वडील आहेत, साड्या बघायला आले आहेत. तिनं मला ओळखलं आणि बाबांकडे खालून वर पाहिलं. "मंग टोपी काढून ये ना, बापू. माह्या जीव गेला असता."

बाबा हसले. टोपी त्यांनी माझ्याकडे दिली आणि उकिडवे बसले. साडी उलगडत नव्हते, नुसतं आतलं टोक शोधून बोटांत धरायचे, पाहायचे आणि बाजूला ठेवायचे. काही टोकांना हात-शिलाई घातलेली होती, काही कापलेली. कापलेलं टोक आलं की ते न थांबता पुढची साडी घ्यायचे. मी मागे टोपी धरून उभा होतो आणि प्रत्येक टोकावर वाकून पिवळं शोधत होतो.

एका जांभळ्या साडीपाशी ते थांबले. दशीच्या लगत दोन तांबडे धागे होते, मधे थोडी जागा सोडून.

"आपली?" मी विचारलं, जरी तांबडे मला दिसत होते.

"नाही." बराच वेळ त्यांनी ते टोक सोडलं नाही. "मागच्या आळीतल्याची आहे. लय भांडकुदळ होता. माह्याशी दोन वर्षं बोलला नव्हता." अंगठ्यानं त्यांनी काठ चाचपला. "पण याचा हात पाह्य गा. कुठी ढिला नाही."

पिवळं त्या दिवशी मिळालं नाही. उरलेल्या सगळ्या साड्या त्यांनी पाहिल्या. जांभळी साडी मी घेऊ का, म्हणून विचारलं. ते म्हणाले, घे, पण कापू नको. मग घड्याळ पाहून टोपी मागितली. बसथांब्यापर्यंत आम्ही बरोबर चाललो. मी हिरवा शर्ट घातला होता. त्यांनी चालता चालता एकदा त्याची मागची बाजू खाली ओढून सरळ केली. बस आली. ते चढत असताना मी विचारलं, त्या आळीतल्या माणसाला दाखवायची का ही? दारातून ते म्हणाले की तो मरून चार-पाच वर्षं झाली, पोरं सुरतेला आहेत, घराला कुलूप आहे. पुढच्या रविवारी सुट्टी मिळेल का, ते सांगता येत नाही, असंही म्हणाले.

खोलीवर आलो. रविवार असल्यामुळे चक्की बंद होती आणि खाली कोणी नव्हतं. साडी धुतली, गच्चीवर वाळवली, आणि घडी अशी घातली की दोन तांबडे धागे वर दिसतील. ती आता माझ्या पलंगाच्या उशाशी असते. कोणाची आहे हे मला माहीत आहे, पण ज्याला सांगायचं तो माणूसच उरलेला नाही. हिरवा शर्ट मी घालतो. कोणी विचारलं तर शिवला म्हणतो. कोणाच्या मागावरचा, ते मला माहीत नाही.